चि. ताईस, तुझ्या तक्त्यातील एका रकान्याविषयी

चि. ताई,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर आपले जे बोलणे झाले, ते तसे व्हायला नको होते. नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू करण्याच्या योजनेचा तुझा तीस वर्षांचा तक्ता तू इतक्या विश्वासाने मला पाठवलास आणि कौतुकाचा एक शब्दही न बोलता मी थेट ‘आजारपणासाठी किती बाजूला ठेवले आहेस?’ असे विचारले. ‘बाबा, तुम्हाला नेहमी वाईटच आधी का दिसते?’ असे म्हणून तू फोन ठेवलास. तुझा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर फोनवर देण्याजोगे नव्हते, म्हणून हे पत्र लिहितो आहे. मी पत्र लिहितो आहे हे आईला ठाऊक आहे. काय लिहितो आहे हे तिने विचारलेले नाही.

जे आधी म्हणायला हवे होते ते आधी म्हणतो. तक्ता फार चांगला झाला आहे. मी तो मोठ्या अक्षरांत छापून घेतला आणि पट्टी धरून ओळीओळीने वाचला. यंत्रांचा घसारा तू पहिल्या वर्षापासून धरला आहेस, उधारी वसूल व्हायला ९० दिवस लागतील असे गृहीत धरले आहेस आणि स्वतःचा पगार व्यवसायाच्या खर्चात वेगळा दाखवला आहेस. यांतली एकही गोष्ट मला पस्तिशीत सुचली नव्हती; गल्ल्यात जे उरेल ती आपली कमाई, असेच मी समजत होतो. तुझ्या वयाचा मी जिथे होतो, त्याच्या कितीतरी पुढे तू आहेस. हे मला तोंडावर सांगता आले नाही, ते इथे लिहून ठेवतो.

आता तो रकाना, शिल्लकेचा. या पत्रात तो विषय काढायचा नाही, असे मी ठरवले होते. परंतु दुसऱ्या पानावर येऊन त्याविषयी लिहिण्यापेक्षा इथेच लिहिलेले बरे. वयाच्या ४० व्या वर्षी तुझी शिल्लक दुप्पट झालेली दाखवली आहेस. हिशेब बिनचूक आहे. ७२ ला व्याजाच्या दराने भागले, की रक्कम साधारण किती वर्षांत दुप्पट होते ते कळते; दर साल ८ टक्के धरले, ७२ ला ८ ने भागले, की ९ वर्षे येतात आणि ३१ मध्ये ९ मिळवले की ४०. पण ही दुप्पट त्याच रकमेची होते, जिला ९ वर्षे कोणी हात लावत नाही. चौथ्या वर्षी त्यातली निम्मी रक्कम मोडावी लागली, तर ४० व्या वर्षासमोर लिहिलेला आकडा त्याच दिवशी खोटा ठरतो आणि त्याच्या आधारावर पुढे लिहिलेले सगळेच सरकते. गंगाजळी बाजूला ठेव, असे मी म्हणतो तेव्हा तुझ्या योजनेवर माझा अविश्वास आहे, असे तुला वाटते. ती योजना मोडावी लागू नये, एवढ्याचसाठी मी ते म्हणतो.

तू लहान असताना माझ्या कपाटात एक लांबट वही असायची, तिच्यावर तू एकदा तुझे नाव गिरवले होतेस. ती वही १९८६ सालची आहे. तेव्हा मी २७ वर्षांचा होतो आणि तुझ्यासारखेच पुढचे सगळे आयुष्य आखायला बसलो होतो. पट्टीने ओढलेले चार रकाने आहेत: वर्ष, वय, उद्दिष्ट आणि शेरा. पहिले तीन निळ्या शाईने, माझ्या तेव्हाच्या चांगल्या अक्षरात भरलेले आहेत. ‘१९९४, वय ३५, स्वतःचा छापखाना.’ ‘२०१४, वय ५५, काम बंद, वाचन.’ शेऱ्याचा रकाना मी कोरा ठेवला होता, कारण तेव्हा त्यात काय लिहायचे असते तेच मला कळत नव्हते.

छापखाना ठरल्या वर्षी सुरू झाला. तुझा जन्मही त्याच वर्षीचा, म्हणून त्या वर्षाबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञताच आहे. नोकरीतून मिळालेले सगळे पैसे मी दोन यंत्रांत घातले. सगळे, याचा अर्थ खरोखरच सगळे. मला वाटे की पैसा पडून राहणे म्हणजे पैशाचा अपमान. तीन वर्षे काम उत्तम चालले. चौथ्या वर्षी आई आजारी पडली. ते आठ महिने तुला आठवत नसतील. तुला आत्याकडे ठेवले होते आणि तू तिलाच आई म्हणू लागली होतीस. पहिल्या रात्री दवाखान्यात निघताना हाताला लागली ती पिशवी मी घेतली आणि तिच्यात ही वही होती. दुसरा कागद जवळ नव्हता, म्हणून परिचारिकेने सांगितलेल्या औषधांच्या वेळा मी त्या कोऱ्या रकान्यात पेन्सिलीने लिहिल्या. पुढे आठ महिने तिथेच लिहीत राहिलो. ‘२०१४, वय ५५, काम बंद, वाचन’ या ओळीसमोर आजही ‘रात्री १०, ताप १०२, आत्याचे मिळाले’ असे लिहिलेले आहे. आत्याचे काय मिळाले, ते तुला माहीत आहेच.

आत्याचेही पुरले नाही, तेव्हा मी २४ टक्के व्याजाने पैसे उचलले. तीन महिन्यांत परत करू, असे मनाशी धरले होते. ७२ ला २४ ने भागून पाहा. ज्या नियमाने तुझी शिल्लक ९ वर्षांत दुप्पट होते, त्याच नियमाने माझे देणे ३ वर्षांत दुप्पट झाले असते. ते होऊ नये म्हणून मी यंत्रे निम्म्या किमतीत विकली. घेणारा माणूस टेम्पो घेऊन आला, तेव्हा रुळांवर सकाळच्या कामाची शाई ओलीच होती. मी चिंधी घेऊन ते रूळ पुसत बसलो. त्याने दोनदा सांगितले, की राहू द्या, आम्ही पुसू. तरी मी पुसत राहिलो. मग ३९ व्या वर्षी पुन्हा नोकरी धरली आणि उरलेले देणे फिटायला ४५ वे वर्ष उजाडले.

व्यवसाय बुडाला तो माझ्या आळसामुळे किंवा गिऱ्हाईक नव्हते म्हणून बुडाला नाही. वर्षभराच्या खर्चाएवढे पैसे निराळे असते, तर तो आजही असता. माझी एवढीच एक गोष्ट तू ऐकावीस, असे मला वाटते. पुन्हा त्याच विषयावर आलो, हे मला दिसते आहे.

व्यवसाय १८ महिन्यांत स्वतःच्या पायावर उभा राहील, असे तू लिहिले आहेस. माणसे आपल्या कामाचे अंदाज नेहमी आशेच्या बाजूला झुकवून का बांधतात, याविषयी डॅनिएल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली लिहिले होते. पुढे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल, असे विचारले गेले. सरासरी उत्तर सुमारे ३४ दिवस असे आले. सगळेच बिनसले तर किती लागतील, याचे उत्तर सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी साडेपंचावन्न दिवस लागले, म्हणजे स्वतःच कल्पिलेल्या वाईटात वाईट परिस्थितीपेक्षाही अधिक. त्याच प्रमाणात तुझे १८ महिने वाढवले, तर ते २९ च्या पुढे जातात. विद्यार्थ्यांचा प्रबंध आणि तुझा व्यवसाय एक नाही, हे मला कळते. तरीही २९ महिने कमाई न येता घर चालवता येईल का, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा.

हे सगळे उपदेशासारखे झाले. मला माफ कर. माझे वडील असेच बोलू लागले की मी खिडकीबाहेर बघत बसायचो. ते गेले तेव्हा मी ३० वर्षांचा होतो आणि ते जे सांगत होते त्यातले निम्मेसुद्धा मी नीट ऐकलेले नाही.

तक्त्यात ५० व्या वर्षासमोर तू ‘निवृत्ती’ असे लिहिले आहेस, त्याविषयी थोडे निराळे सांगतो. त्यात काळजीचे काही नाही. मी ५५ व्या वर्षी काम थांबवून वाचत बसणार होतो. ५५ वे वर्ष आले तेव्हा मला घरात शांत बसण्याची कल्पनाच सहन होईना. २७ वर्षांच्या मला जी शांतता हवीशी वाटली होती, ती ५५ वर्षांच्या मला नको होती. त्या वयात मला आजूबाजूला माणसे हवी होती. म्हणून मी संध्याकाळी मुलांना छपाईचे आणि हिशेबाचे शिकवू लागलो. आयुष्यातले सर्वांत समाधानाचे काम मला तिथे मिळाले आणि वहीत त्याचा कुठे उल्लेखही नाही. चाळिशी उलटली आणि जवळचे अक्षर दिसेनासे झाले, तेव्हा योजनेतले बारीक काम मी सोडून दिले. साठीनंतर गुडघ्यांनी काही गोष्टी परस्पर ठरवून टाकल्या. पण शरीरापेक्षा अधिक बदलली ती आवड, आणि ती बदलेल असे मला कधीच वाटले नव्हते.

असे वाटणारा मी एकटा नाही, हे पुढे वाचनात आले. जॉर्डी क्वॉइडबाख, डॅनिएल गिल्बर्ट आणि टिमथी विल्सन यांनी १८ ते ६८ वयाच्या १९,००० हून अधिक लोकांचा अभ्यास करून २०१३ साली तो प्रसिद्ध केला. गेल्या दहा वर्षांत आपण बरेच बदललो, हे सगळ्याच वयाचे लोक मान्य करत होते. येत्या दहा वर्षांत मात्र आपण फारसे बदलणार नाही, असेही सगळ्याच वयाच्या लोकांना वाटत होते. हे वाचल्यावर मी ती वही पुन्हा काढून पाहिली होती. तू ५० व्या वर्षी काय हवे ते आज लिहिले आहेस, ते राहू दे. फक्त दर तीन-चार वर्षांनी तक्ता काढून, हे अजून मला हवे आहे का, असे एकदा विचारत जा आणि नको असेल तर खोडताना वाईट वाटून घेऊ नकोस. मी ‘वाचन’ हा शब्द खोडायला फार उशीर केला आणि दोन वर्षे उगाच अपराधी वाटून घेत राहिलो.

हल्ली आम्ही दोघे तीन-तीन महिन्यांच्या योजना करतो. त्याहून लांबची करवत नाही आणि करावीशीही वाटत नाही. तुला हे निराशेचे वाटेल, पण तसे ते नाही.

तक्त्यात एक ओळ अशी आहे, की तिच्याविषयी रविवारी मी काहीच बोललो नाही. वय ४०, ‘आई-बाबांना आपल्याकडे आणणे’. ती ओळ मी तीनदा वाचली आणि मग तक्ता उलटा करून ठेवला. तेव्हा मी ७५ वर्षांचा असेन. तू आमच्यासाठी एक ओळ राखलीस, त्याबद्दल काय लिहावे ते मला कळत नाही. पण त्या ओळीसाठी पैसे धरू नकोस. आमची तरतूद आम्ही केली आहे, तिची कागदपत्रे कुठे आहेत ते धाकट्याला माहीत आहे. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया ठरली आहे, हे तुला सांगितले नव्हते. ती छोटीशी असते, त्याच दिवशी घरी सोडतात, म्हणून तू रजा काढून येऊ नकोस. अक्षर इकडेतिकडे गेले आहे ते त्यामुळे. रविवारी मी इतक्या कठोरपणे का विचारले, याचे एक कारण तेही असावे. दवाखान्यातून त्याच दिवशी आलो होतो आणि तिथल्या बाकावर बसल्यावर मला ते आठ महिने पुन्हा दिसू लागले होते.

दोन कामे मात्र राजीनामा देण्यापूर्वी कर. नोकरीबरोबर मिळालेला आरोग्यविमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो, म्हणून स्वतःच्या नावाचा विमा आधी घे आणि आधीपासूनच्या आजारांसाठी किती काळ थांबावे लागते, ते त्याच्या अटींत नीट वाच. तुला थायरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. आणि कर्ज काढायचेच असेल, तर पगाराची पावती हातात असताना काढ, नंतर तेच कर्ज महाग पडते. साधारणपणे तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा, असे सांगतात. नियमित पगार नसलेल्याने बारा महिन्यांचा ठेवावा, असे मी म्हणेन. त्यासाठी एक यंत्र सहा महिने उशिरा घ्यावे लागेल, हे मी मोजून पाहिले आहे.

तुझा छापलेला तक्ता सोबत परत पाठवतो आहे. उजव्या कडेला मी एक रकाना आखला आहे आणि वर ‘शेरा’ असे लिहिले आहे. आत काही लिहिलेले नाही. रेघ पेन्सिलीची आहे, नको वाटली तर खोडून टाक. रविवारी नेहमीच्या वेळी फोन कर. मी आधी यंत्राविषयी विचारीन.

तुझे,
बाबा