स्पाइक गार्डचा दिवा लागतोय म्हणजे तो जिवंत आहे असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वादळी पावसात काय काळजी घ्यावी याची छोटी चौकट परवा आपल्या पेपरात आली होती. त्यात एक वाक्य होतं की विजेची उपकरणं बंद ठेवा आणि दुसरं होतं की चांगल्या दर्जाचा सर्ज प्रोटेक्टर लावा (सर्ज म्हणजे व्होल्टेजचा अचानक येणारा झटका, आणि यालाच दुकानात स्पाइक गार्ड म्हणतात). चुकीचं दोन्हीत काही नाही, पण दोन्ही वाक्यं अर्धीच आहेत आणि उरलेलं अर्धं जळून माझ्या टेबलावर येतं, म्हणून हे पत्र लिहायला बसलोय. मी बोर्ड रिपेअरिंगचं काम करतो, म्हणजे टीव्ही, राउटर, इन्व्हर्टर, वॉशिंग मशीनची कार्डं वगैरे.

आत्ता समोर एक एक्स्टेन्शन बोर्ड उघडा पडलाय. वरती मोठ्या अक्षरात सर्ज प्रोटेक्शन, ढगातून पडणाऱ्या विजेचं चित्र, कोपऱ्यात सीई मार्क, आणि एक छान हिरवा दिवा. स्क्रू काढले तर आत पितळेच्या पट्ट्या, एक स्विच, आणि फेज-न्यूट्रलच्या मध्ये शर्टाच्या बटणाहून लहान एक निळी चकती, जी आता निळी राहिलेली नाही, मधोमध तडकून काळी पडलीय. अर्थच्या पट्टीला तर वायरच जोडलेली नाही, भोक आहे म्हणून पिन जाते एवढंच. आणि गंमत बघा, सप्लाय दिला की हिरवा दिवा लागतो! कारण तो दिवा थेट लाईनवर आहे, लाईट आलीय एवढंच तो सांगतो, चकती जिवंत आहे की मेली याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

ती चकती म्हणजे एमओव्ही, झिंक ऑक्साइडची असते. नेहमीच्या व्होल्टेजला ती गप्प बसते, व्होल्टेज एकदम वर गेलं की ती स्वतःतून करंटला वाट देते आणि मागच्या उपकरणाला वाचवते. पण ती काही भिंत नाही. २३० व्होल्टच्या लाईनवर जी २७५ व्होल्ट रेटिंगची २० मिलिमीटरची चकती लावतात तिच्यातून १०० अँपिअर जाताना तिच्यावर ७१० व्होल्टपर्यंत दिसू शकतात, म्हणजे तेवढे पुढे जातातच. आणि ही मोठी चकती झाली, माझ्यासमोरची ७ मिलिमीटरची आहे, ती एखादाच मोठा झटका खाणार आणि तोही हजार-बाराशे अँपिअरचा. बॉक्सवर मात्र ढगातून वीज पडतेय. आकाशातल्या विजेचा पहिला झटका साधारण ३० हजार अँपिअरचा असतो आणि फारच मोठा असेल तर २ लाखांपर्यंत जातो, आता घाला या दोघांची सांगड. (आपल्या भाषेत त्या वरच्या विजेला आणि घरातल्या विजेला एकच शब्द आहे, त्यामुळेही बहुतेक लोकांना वाटतं की दोन्ही एकाच फ्यूजने आवरतात.)

तशी वीज थेट घरावर पडणं कमीच. बहुतेक नुकसान होतं ते जवळपास कुठेतरी, लाईनवर किंवा लाईनपासून थोड्या अंतरावर पडलेल्या विजेनं तारांमध्ये जो झटका उभा राहतो त्यानं. हा झटका मायक्रोसेकंदांत येतो आणि जातो. एमसीबीला (जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचला) ट्रिप व्हायला मिलिसेकंद लागतात, म्हणजे तो जागा होईपर्यंत खेळ खल्लास. ईएलसीबी लीकेज पकडतो, स्टॅबिलायझर रिले मारतो, सगळी कामाची माणसं आहेत पण हे काम त्यांचं नाही. छतावर रॉड आहे मग टीव्ही सेफ आहे असंही बरेच जण सांगतात. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने जो रॉड आणला तो इमारत फुटू नये, पेटू नये म्हणून, आणि तो ते काम अजून चोख करतो, पण त्याच्यातून खाली उतरणारा करंटच शेजारच्या वायरिंगमध्ये झटका उभा करतो, म्हणजे रॉड आहे तिथे तर डीबीत (घराच्या मुख्य विजेच्या बोर्डात) प्रोटेक्टर जास्तच लागतो.

आता "उपकरणं बंद ठेवा" बद्दल. भिंतीवरचा स्विच बंद केला तर काय तुटतं? फक्त फेज. न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात. आणि जो फेज तुटला तिथेही आत दोन-तीन मिलिमीटरचं अंतर, हवेत साधारण मिलिमीटरला ३ हजार व्होल्टला ठिणगी उडते, त्यामुळे मोठ्या झटक्यासाठी तो स्विच बंद असला काय आणि चालू असला काय. प्लगच काढायला हवा. पण तो ढग डोक्यावर आल्यावर नाही, आधी. कडकडाट सुरू झाल्यावर प्लग उपसायला धावणं म्हणजे टीव्ही वाचवायला स्वतःला मध्ये घालणं आहे. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजायचे, तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर, आणि ३० सेकंदाच्या आत आवाज आला तर वायरीला हात लावू नका, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

प्लग काढला तरी अर्धं काम होतं आणि इथेच सगळे फसतात. मागे एक टीव्ही आला होता, मालक अगदी काळजीवाले, महागातला प्रोटेक्टर, तो खरोखर चांगला होता, मी उघडून बघितला, चकत्या जिथल्या तिथे. पण टीव्हीचं पॉवर सप्लाय कार्ड एकदम ठणठणीत आणि मेन बोर्डावर डिश केबलच्या सॉकेटजवळचा ट्रॅक कागदासारखा उडालेला! झटका पॉवरच्या दारातून आलाच नव्हता, छतावरच्या डिशच्या केबलमधून आला, टीव्हीतून गेला आणि पॉवरच्या बाजूने अर्थला निघाला. राउटरचंही तेच, ॲडॉप्टर चांगला आणि लॅनचं पोर्ट उडालेलं. जितक्या तारा घरात शिरतात तितकी दारं आहेत.

यात अर्थिंगची गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे कारण लोक तिथे खर्च करून स्वतःचं नुकसान करून घेतात. समजा तुमचं अर्थिंग १० ओहमचं आहे, म्हणजे वाईट नाही, ठीकच म्हणतात. त्यात ३० हजार अँपिअर गेले तर किती व्होल्ट? गुणाकार करा, ३ लाख. म्हणजे कितीही चांगला खड्डा केला तरी घराची अर्थ त्या क्षणी शून्यावर राहतच नाही, ती वर जाते. मग वाचतो कसा माणूस आणि टीव्ही? तर घरातल्या सगळ्या तारा एकाच वेळी एकत्र वर गेल्या तर फरक पडत नाही, तारेवर बसलेल्या पाखराला जसं काही होत नाही तसं. गडबड होते ती दोन तारा व्होल्टेजच्या वेगवेगळ्या उंचीवर असल्या की. आणि आपण काय करतो, डिशला वेगळा रॉड ठोकतो, कॉम्प्युटरला "प्युअर अर्थिंग" म्हणून तिसरीकडे वेगळा खड्डा, आणि ते एकमेकांना जोडत नाही. मग एक अर्थ वर आणि दुसरी खाली, आणि त्यांना जोडणारा पूल कोण? तुमचं उपकरण. खड्डे चार करा हवं तर, पण सगळे एकमेकांना जोडा आणि पॉवर, केबल, फोन सगळं जमेल तेवढं एकाच जागेवरून आत घ्या आणि तिथेच अर्थला बांधा.

डीबीत बसवायचा जो मोठा प्रोटेक्टर असतो, एसपीडी म्हणतात, त्याचीही फिटिंग मी बघतो तेव्हा डोकं दुखतं. एकाने तर वायर "पुढेमागे लागली तर" म्हणून गुंडाळी करून आत कोंबली होती, टायने बांधून, छान दिसत होती. पण एवढ्या वेगाने चढणाऱ्या करंटला सरळ वायरही अडवते, दहा हजार अँपिअरच्या झटक्यात एक मीटर वायरवर हजाराच्या वर व्होल्ट पडतात, गुंडाळी केली तर आणखी जास्त. म्हणून एसपीडीच्या दोन्ही बाजूंची वायर मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवा असा नियम आहे. प्लगमध्ये लावायच्या उपकरणानं २५०० व्होल्टचा झटका सोसावा असं आयईसीचं, म्हणजे विजेच्या सामानाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, गणित आहे (डीबीजवळच्या सामानाला ४ हजार, मीटरजवळच्याला ६ हजार), आणि एसपीडी स्वतः १५०० सोडत असेल तर एका मीटर वायरने ते सगळं मार्जिन खाल्लं की. वस्तू चांगली, सर्टिफिकेट खरं, आणि फायदा शून्य.

आता मूळ मुद्दा, सर्टिफिकेटचा. सीई मार्क बघून लोक म्हणतात टेस्टेड आहे. साध्या विद्युत उपकरणांवर तो मार्क बनवणारा स्वतः लावतो, मी युरोपचे नियम पाळलेत असं तो स्वतःच्या जबाबदारीवर जाहीर करतो, बाहेरच्या लॅबने तपासलंच पाहिजे असं नाही. यूएल या अमेरिकन तपासणी संस्थेसारखा मार्क वेगळा, तिथे तिसरा माणूस तपासतो. प्रोटेक्टरसाठी खरी विचारायची गोष्ट म्हणजे आयईसी ६१६४३-११ किंवा यूएल १४४९ चा नंबर आणि त्याच्यासोबत आकडे. टाईप १ आहे (थेट विजेच्या मारासाठी) की २ (डीबीसाठी) की ३ (उपकरणाजवळ लावायचा), किती किलोअँपिअर, कुठल्या वेव्हवर (म्हणजे झटका किती वेगाने चढतो आणि किती वेळ टिकतो), कारण १०/३५० मायक्रोसेकंदची वेव्ह म्हणजे थेट विजेसारखा लांब मार आणि ८/२० म्हणजे छोटा, दोघांचा किलोअँपिअर एकच छापला तरी जमीन-अस्मानाचा फरक. नुसतं जूल (किती ऊर्जा गिळेल तो आकडा) छापलं असेल तर माझ्या लेखी ती जाहिरात.

दुसरं म्हणजे चकती मरते कशी. झटके खाऊन खाऊन ती लीक व्हायला लागते, गरम होते, आणखी लीक होते आणि शेवटी पेटते. न्यूट्रल तुटला आणि लाईनवर ४०० च्या आसपास व्होल्ट येऊन बसले तर काही सेकंदांतच. (खरं तर "वीज पडून जळालं" म्हणून येणारे बरेच बोर्ड असे न्यूट्रलचे बळी असतात आणि त्याला ओव्हरव्होल्टेज कट-ऑफ लागतो, स्पाइक गार्ड नाही.) म्हणून चांगल्या प्रोटेक्टरमध्ये चकतीला चिकटून थर्मल फ्यूज (गरम झाला की तुटणारा) असतो आणि चकती गेली की हिरवी खिडकी लाल होते किंवा दिवा विझतो. हे नसेल तर संरक्षणासाठी घेतलेली वस्तूच आग लावणार, आणि अशी वितळलेली प्लास्टिकं मी बघितलीयत.

उपकरणांच्या आतही तेच चाललंय. सर्जची टेस्ट असते, आयईसी ६१०००-४-५, घरगुती वस्तूला साधारण फेज-न्यूट्रलमध्ये १ हजार आणि अर्थच्या हिशेबाने २ हजार व्होल्ट. मी एकाच मॉडेलची दोन कार्डं शेजारी ठेवून बघितलीत. एकावर एमओव्ही आहे, दुसऱ्यावर तिची नुसती गोल आउटलाईन छापलेली, दोन भोकं, आणि भोकं रिकामी. टेस्टला गेलेलं सॅम्पल कुठलं असेल ते वाचकांनी ओळखावं. धंद्यात त्याला गोल्डन सॅम्पल म्हणतात. बनवणाऱ्यांची एक अडचण मात्र मी मान्य करतो, फेज आणि अर्थच्या मध्ये नुसती चकती लावली तर सेफ्टीवाले नको म्हणतात, कारण ती खराब झाली तर तुमच्या मशीनच्या पत्र्याकडे लीकेज जाईल, मग सोबत सिरीजमध्ये गॅस ट्यूब (एरवी करंट अडवणारी आणि झटका आला तरच वाट देणारी नळी) लावावी लागते. ती लावली की सर्जची आणि सेफ्टीची दोन्ही टेस्ट पास होतात, पण एक पार्ट वाढतो, आणि मग बऱ्याचदा दोन्ही काढून टाकतात.

माझी मागणी साधी आहे. बॉक्सवर विजेच्या चित्राऐवजी आकडे छापायला लावा, कुठला स्टँडर्ड, किती किलोअँपिअर, किती व्होल्ट सोडतो, थर्मल फ्यूज आहे का, चकती मेली की कळतं का. आणि तपासणारे जे कोणी असतील त्यांनी कंपनीने पाठवलेलं सॅम्पल तपासून थांबू नये, दुकानाच्या रॅकवरून उचललेला नग उघडावा, चार स्क्रू तर असतात. वॉरंटी कार्डावर "वीज पडून झालेलं नुकसान धरलं जाणार नाही" हे बारीक अक्षरात छापायला जागा मिळते, तर हे आकडे छापायलाही मिळेल. तुम्हीही पुढच्या वेळी ती चौकट छापाल तेव्हा एवढं घाला की प्लगसोबत डिशची आणि लॅनची वायरही काढा, आणि वादळ यायच्या आधी काढा.

ज्यांचा हा बोर्ड आहे ते उद्या न्यायला येणार आहेत. मी फोनवर सांगितलं, आतला भाग गेलाय, आता हा नुसता एक्स्टेन्शन बोर्ड आहे. ते म्हणाले, हिरवा दिवा लागतोय ना पण? लागतोय म्हटलं.

आपला,
एक रिपेअरवाला वाचक