नखाएवढं हिरवं : आप्पांना आभाराचं पत्र

आदरणीय आप्पा,

साष्टांग नमस्कार.

आईच्या परसातली झाडं तुम्ही जगवलीत, त्याचे आभार मानायला हे पत्र. तुमची नात ते तुम्हाला वाचून दाखवेल. तुमचं नाव मी लिहिलेलं नाही, कारण नाव नको असं तुम्हीच बजावलं होतं. अमळनेरात गल्लीगल्लीत एक आप्पा आहेत, तेव्हा हे पत्र कुणाला आहे ते तुम्हाला आणि मला माहीत असलं की पुरे. चारचौघांत लिहिते आहे, कारण आईवडील गेल्यावर खान्देशातल्या घराला कुलूप लावून परदेशी परतलेले माझ्यासारखे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याही परसात कुणीतरी लावलेली झाडं उभी आहेत.

टोरोंटोला परत येऊन आज बारा दिवस झाले. इथे आत्ता कुठे झाडांना पालवी फुटते आहे. निघताना केसांत माळलेला गजरा विमानातच सुकला. तो काढून पर्समध्ये ठेवला होता, अजून तिथेच आहे. पर्स उघडली की वास येतो आणि मला काही सुचत नाही. म्हणून म्हटलं, लिहून टाकावं.

आई गेली तेव्हा घरातल्या वस्तूंची मला चिंता नव्हती. भांडी, गाद्या, कपाटं कुलपात राहतात. झाडं राहत नाहीत. परसात तिची दोन लिंबं, गोडनिंब, शेवगा, पारिजातक. फाटकाशी गावरान गुलाब. आणि ओट्याला लागून तो बटमोगरा. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात पारोळ्याहून, तिच्या माहेराहून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेल्या काडीचा झालेला. आमच्या घरात त्याला कुणी मोगरा म्हणत नसे. ‘पारोळेवाली’ म्हणायचे. पारोळेवालीला पाणी घातलं का, पारोळेवालीला कळ्या आल्या का.

आपल्याकडचा उन्हाळा बाहेरच्यांना सांगून कळत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, दुपारी ओट्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही, आणि नळाला रोज पाणी नसतं. अशा गावात झाड जगवायचं तर कुणीतरी रोज त्याच्याकडे बघणारं हवं. तो माणूस शोधण्यात माझी दोन वर्षं गेली.

पहिल्याला महिन्याच्या महिन्याला पैसे जायचे आणि त्याच्याकडून फोटो यायचे. हिरवीगार झाडं, ओली माती. मी खूश असायची. मग एप्रिलमध्ये आलेल्या एका फोटोत मागे शेजारच्या गच्चीवर आकाशकंदील दिसला. दिवाळीतले फोटो तो मला पुरवून पुरवून पाठवत होता. ज्या दिवशी ते लक्षात आलं, त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर घरी आले आणि नुसती बसून राहिले. पैशांचं दुःख नव्हतं. त्या सगळ्या महिन्यांत मी ज्या झाडांकडे बघून सुखावत होते ती तशी नव्हतीच, हे मनातून जात नव्हतं.

दुसरे बागकामाची कंत्राटं घेणारे होते. छापील दरपत्रक, गणवेश घातलेली मुलं. त्यांनी पारिजातक बुंध्यापासून तोडला. कारण काय, तर पानांचा आणि फुलांचा कचरा फार होतो. त्या जागी लॉन अंथरलं. खान्देशात, मार्चमध्ये, लॉन! एप्रिल संपायच्या आत ते वाळून त्याचं चिपाड झालं. मला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. आई भाद्रपदात पहाटे ज्या झाडाखाली परात घेऊन बसायची ते झाड गेल्याचं मला बिलावरून कळलं. ‘एक झाड काढणे’ अशी ओळ होती.

तिसऱ्याने तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले आणि फोन उचलणं बंद केलं. त्याबद्दल जास्त लिहावंसं वाटत नाही.

आणि नातेवाईक? ते म्हणायचे, ‘झाडांचं काय घेऊन बसलीस, सगळं वाळलंय, एकदाचा प्लॉट विकून मोकळी हो.’ असं म्हणणाऱ्यांतला एकही जण फाटक उघडून आत गेला नव्हता.

तुमचा पत्ता मला दूधवाल्या दादांकडून मिळाला. ते म्हणाले, ताई, माळी हुडकू नका, ज्याच्या स्वतःच्या दारात झाडं आहेत असा माणूस हुडका. तुम्ही एका शाळेची बाग सांभाळून निवृत्त झालेले. तुमच्या पत्र्याच्या घरापुढे तेलाच्या डब्यांत लावलेली शेवंती त्यांनी मला फोनवर दाखवली. तुमच्याशी पैशांचं बोलणं दोन मिनिटांत झालं. मी जरा जास्त देऊ केले, तर तुम्ही म्हणालात, ‘आठवड्यातून तीन दिवस येईन, तीन दिवसांचेच द्या.’

आणि मग ती रात्र. तुमची सकाळ सातची, माझी आदल्या दिवसाची रात्र साडेनऊची. गेल्या वर्षीचा मे. नातीच्या फोनवरून तुमचा व्हिडिओ आला, मिनिटभराचासुद्धा नसेल. आधी नुसत्या काटक्या दिसल्या. राखाडी, एक पान नाही. पारोळेवाली. मी मनाशी म्हटलं, संपलं. तेवढ्यात चित्रात तुमचा हात आला. बुंध्याजवळची एक जाड फांदी तुम्ही दोन बोटांत धरलीत आणि अंगठ्याच्या नखाने तिची साल हलकेच खरवडलीत. नखाएवढीच. आत हिरवं होतं. ओलं, पोपटी हिरवं.

मग तुमचा आवाज आला, ‘देखा ताई. जित्तं शे.’ बघा ताई, जिवंत आहे.

आप्पा, तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला याची गणतीच नाही. माझे यजमान नागपूरकडचे, त्यांना अहिराणी येत नाही. त्यांनाही ‘जित्तं शे’ हे दोन शब्द पाठ झाले. दोन वर्षं सगळे मला दुरूनच सांगत होते, की तुझ्या आईचं सगळं वाळलं. जवळ जाऊन, वाकून, नखाने खरवडून बघणारे तुम्ही पहिले. फांदी मोडून बघितली नाहीत. जेवढं लागतं तेवढंच खरवडलंत आणि लगेच त्या जागेवर ओली माती चोपडलीत. ते त्या व्हिडिओत अगदी शेवटी, क्षणभर दिसतं. पुढच्या वर्षभरात तुम्ही केलेलं सगळं मोठं आहे, पण मला रडू येतं ते त्या मातीच्या बोटापाशी.

त्याच दिवशी तुम्ही दुसरं एक सांगितलंत. ‘गुलाब गया ताई.’ गुलाबाला तुम्ही नख लावून पाहिलं होतं, आत तपकिरी निघालं. गोड बोलून दोन महिने ओढता आले असते. ती वाईट बातमी ऐकली आणि तुमच्या चांगल्या बातमीवर माझा पूर्ण विश्वास बसला. वाळलेला गुलाब तुम्ही उपटला नव्हता. ‘तुमनी मायना हातनं झाड शे, तुम्हले इचारीसन करसू.’ जो पारिजातक हिरवा होता तो न विचारता गेला, आणि मेलेल्या झाडासाठी तुम्ही सात समुद्रापलीकडे माझी परवानगी मागत होतात.

मग माळ्यावर आईच्या जुन्या घागरी आहेत, त्या वापरू का, हेही विचारलंत. दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवी घागर यायची, जुन्या तिने जपून ठेवलेल्या. त्या तुम्ही झाडांच्या मुळांशी गळ्यापर्यंत पुरल्यात, वर कवेलूचा तुकडा झाकण म्हणून ठेवलात. कच्च्या भाजणीची माती, पाणी आतून सावकाश झिरपत राहतं, उन्हात वाफ होऊन जात नाही. लिंबांना तुम्ही दोन कडी आळं केलंत, म्हणजे पाणी खोडाला लागत नाही आणि डिंक्या रोग होत नाही. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी तुम्ही बादलीत काढता, कारण त्याने मुळं पोळतात. मी या घरात वाढले, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा आई सांगत असेल आणि माझं लक्ष नसेल.

आषाढात तुम्ही पंढरपूरला गेलात आणि त्या दिवसांचे पैसे कापायला सांगितलेत. मागाहून नातीने सांगितलं, की पावसाने ओढ दिली तेव्हा तुमचा मुलगा रोज सायकलवरून येऊन पाणी घालून जात होता.

हिवाळ्यात मी तुमच्याशी भांडले, त्याची माफी मागायची आहे. पारोळेवाली पावसाळ्यात चांगली फुटली होती, आणि तुम्ही नोव्हेंबरपासून तिचं पाणी तोडलंत. जानेवारीच्या शेवटी छाटून, उरलेली पानंही ओरबाडून काढलीत. फोटो बघून मी फोनवर ओरडले. तुम्ही शांतपणे म्हणालात, मोगऱ्याला आधी झोपू द्यावं लागतं. मग शेणखत, मग पाणी. माझा आवाज चढला म्हणून तुमचा चढला नाही.

आणि ही अखाजी. आई गेल्यापासून मी अखाजीला माहेरी गेले नव्हते. सासुरवाशिणीने माहेरी यायचा सण, आणि माहेरी आहेच कोण, असं वाटायचं. यंदा आले. आदल्या दिवशी संध्याकाळी फाटक उघडलं आणि दिसायच्या आधी वास आला. ओट्यावर बॅग टाकून मी तशीच खाली बसले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी खापरावरच्या पोळ्या केल्या, आंब्याचा रस केला. आईच्या नावाची घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं आणि ओंजळभर मोगरा वाहिला, तिच्याच झाडाचा. तुम्ही फाटकाबाहेर उभे होतात, बोलावल्याशिवाय आत आला नाहीत. मी म्हटलं, एक फूल तुमच्या हाताने ठेवा. तुम्ही धोतराला हात पुसून ठेवलंत. तेव्हा मी तुमचा अंगठा जवळून पाहिला. नखात माती होती.

साने गुरुजी आपल्या गावात प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. आमच्या लहानपणी शाळेतल्या प्रत्येक भाषणात त्यांचं नाव यायचं. प्रेम, दया, करुणा हे शब्द ऐकत आम्ही मोठे झालो. ते शब्द मला तेव्हा फार मोठे, दूरचे वाटत. आता वाटतं, ते याच आकाराचे असतात. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारणं, मेलेल्याला मेलं म्हणणं, जिवंत आहे म्हणण्याआधी नीट बघणं. अशी माणसं आपल्या गावोगावी आहेत, आणि त्यांना छापील दरपत्रक नसल्यामुळे आम्हाला ती सापडत नाहीत. दूधवाल्या दादांचेही या पत्रात आभार मानते.

पावसाआधी लिंबांच्या खोडांना बोर्डोचा लेप लावायचाय, मोरचूद आणि कळीचा चुना आणून ठेवलाय, असा नातीचा निरोप मिळाला. चुना कालवताना डोळ्यांना जपा. हे काम तुम्ही मला शिकवलंत आणि तुम्हालाच सांगते आहे.

गुलाबाच्या जागी काय लावायचं, हे तुम्ही दोनदा विचारलंत आणि माझ्याने उत्तर देववलं नाही. आता देते. गावरान गुलाबच लावा. काडी नर्सरीतून आणू नका. काकूंच्या दारात, विहिरीच्या बाजूला जो गुलाब आहे, त्याची काडी फार वर्षांपूर्वी आईनेच त्यांना दिली होती. मी काकूंशी बोलले आहे. पहिला चांगला पाऊस झाला की घ्या, आणि लावलीत की मला व्हिडिओ पाठवा. रात्री साडेनऊला मी जागीच असते.

तुमची,
पारोळेवालीची लेक