खुले पत्र: आराखड्यावरची ए-७ नंबरची जागा मला दाखवा

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
सचिवालय, पर्वरी, गोवा.

महोदय,

सादर नमस्कार. पत्रावर खात्याचं नाव घातलेलं नाही. चार दिवस विचार केला, पण इमारतीखालच्या पार्किंगची दाद कुणाकडे मागायची ते ठरेना. आराखडा तपासतं नगर नियोजन, ऑक्युपन्सी म्हणजे राहायला परवानगीचा दाखला देते पंचायत, गाडीची नोंदणी वाहतूक खात्यात, फ्लॅटमध्ये उतरणाऱ्या पर्यटकांचा हिशेब पर्यटन खात्याकडे, आणि गाडी आडवी लागली की फोन करायचा पोलिसांना. यांतल्या ज्या मंत्र्यांच्या हाती हे पत्र पडेल, त्यांनी ते आपल्यालाच लिहिलं आहे असं समजावं.

मी पर्वरीत राहते. बँकेत नोकरी करते आणि गेली सहा वर्षं आमच्या इमारतीच्या मेंटेनन्स सोसायटीची सेक्रेटरी आहे. आपण ज्या सचिवालयात बसता ते माझ्या घरापासून दोन किलोमीटरही नाही.

गेल्या मंगळवारी रात्री साडेदहाला माझी आई न्हाणीघरात पडली. तिचं वय ७९. डावा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला, जरा हात लावला की ओरडायची. १०८ला फोन केला. रुग्णवाहिका अठरा मिनिटांत आली, तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण ती आमच्या फाटकाशीच अडली. फाटकापासून जिन्यापर्यंतची वाट आराखड्यात सहा मीटर रुंद आहे. त्या रात्री तिच्या दोन्ही अंगांना गाड्या होत्या आणि जिन्याच्या तोंडाशी एक पांढरी गाडी आडवी लावलेली. काळी पाटी, पिवळी अक्षरं, म्हणजे रेंट-अ-कारची. काचेवर ना फोन नंबर, ना कुठल्या फ्लॅटची ते लिहिलेलं. हँडब्रेक ओढलेला. चौघांनी मिळून ढकलली तरी जागची हलली नाही.

वॉचमनने चार मजले चढून दारं ठोठावली. तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट मालक दिवसाच्या भाड्याने देतो. तिथली मंडळी गाडी खाली लावून टॅक्सीने बागा किनाऱ्यावर गेली होती. शेवटी स्ट्रेचर उचलून न्यायचं ठरलं. गाड्यांमधली फट इतकी चिंचोळी की ते खांद्यावर घ्यावं लागलं. एका गाडीच्या आरशात दांडा अडकला, स्ट्रेचर तिरकं झालं, आणि आईने माझं मनगट असं धरलं की तिच्या नखांचे वण आज आठव्या दिवशीही दिसताहेत. ‘मला इथंच ठेव गो, इथंच ठेव,’ एवढंच ती म्हणत होती. जिन्यापासून रुग्णवाहिकेपर्यंत चाळीस पावलं आहेत. त्यांना तेवीस मिनिटं लागली. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पोचल्यावर एक्स-रे काढला. खुब्याचं हाड मोडलं आहे. शुक्रवारी शस्त्रक्रिया झाली.

आई घरात पडली, त्याचा दोष मी कुणालाच देत नाही. त्या तेवीस मिनिटांचा जाब मात्र मला हवा आहे.

आमच्या इमारतीत २४ फ्लॅट आणि रस्त्याच्या बाजूने ७ दुकानं. मंजूर आराखड्यात ३४ गाड्यांच्या जागा आखलेल्या आहेत: फ्लॅटवाल्यांना २४, दुकानांना ७, पाहुण्यांना ३. प्रत्येक जागा अडीच मीटर बाय पाच मीटर. मंगळवारनंतर मी टेप घेऊन खाली उतरले आणि एकेक जागा मोजली. आज गाडी लावता येईल अशा जागा १९ उरल्या आहेत. बाकीच्या गेल्या कुठे? चार जागांवर शटर बसलं आहे. दोन जागांवर जनरेटर आणि पाण्याची टाकी. एका जागेवर दवाखान्याची औषधं ठेवायची खोली. पाच जागांवर लोखंडी पार्किंग लॉक लावलेले आहेत. त्यांचे मालक वर्षातून पंधरा दिवस गोव्यात येतात आणि उरलेले साडेअकरा महिने त्या जागेवर धूळ बसते. तीन जागा दोघा फ्लॅटवाल्यांनी महिन्याच्या बोलीवर रेंट-अ-कारवाल्याला दिल्या आहेत.

ए-७ ही आमची जागा. कापडदुकानाच्या शटरआड, खोक्यांच्या मागे खांबावर पिवळ्या रंगातली ती अक्षरं अजून आहेत. त्या दुकानाचा मुलगा भला, त्याने मला आत नेऊन दाखवली. तो भाडेकरू आहे, दोन गाड्यांच्या या जागेला दरमहा अठरा हजार रुपये मोजतो. त्याच्याशी मी काय भांडू?

स्टिल्टचं, म्हणजे इमारतीच्या खांबांमधल्या मोकळ्या तळाचं क्षेत्र एफएआरमध्ये, म्हणजे बांधकामाच्या परवानगीच्या मर्यादेत धरत नाहीत, ते तिथे गाड्या राहाव्यात म्हणून. त्या सवलतीवर वरचा मजला चढतो, बिल्डर तो विकून मोकळा होतो, आणि ऑक्युपन्सी हातात पडल्यावर खाली शटर बसतं. म्हणजे एकच जागा दोनदा विकली जाते, आणि आमची गाडी रस्त्यावर येते. आराखड्यातली पार्किंगची जागा ऑक्युपन्सी मिळेपर्यंतच असते. त्यानंतर ती जागेवर आहे की नाही हे बघायला एकही अधिकारी, एकही खातं परत येत नाही. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीपाशी आहे.

मी तक्रार केली नाही असं समजू नका. दोन वर्षांत पाच अर्ज केले, पोच घेतलेल्या प्रती फायलीत आहेत. पंचायतीत कारकून म्हणाले, ‘मागीर पळोवया,’ म्हणजे नंतर बघू. पुन्हा गेले तेव्हा सेक्रेटरी बदललेले. नगर नियोजनाच्या कचेरीत सांगितलं, आम्ही बांधकाम पुरं झाल्याचा कम्प्लिशन दाखला दिला तेव्हा शटर नव्हतं, पुढचं पंचायतीने बघायचं. पोलीस म्हणाले, फाटकाच्या आतली जागा खाजगी, आम्ही चलन फाडू शकत नाही. सहकार निबंधकांकडे गेले तर हा सोसायटीचा अंतर्गत वाद ठरला. सोसायटीच्या सभेत विषय घेतला तर ज्याचं शटर तोच उठून उभा राहिला आणि त्याच्याकडे सात मतं होती.

शेवटी गेल्या डिसेंबरात एक अधिकारी पाहणीला आले. शटरांचे फोटो काढले, माझ्याकडून आराखड्याची झेरॉक्स घेतली, चहा घेतला आणि निघताना आईच्या देखत म्हणाले, पंधरा दिवसांत नोटीस लागेल, तुम्ही निर्धास्त राहा. नोटीस आली नाही. मी फोन केले तेव्हा साहेब मीटिंगमध्ये होते, मग रजेवर गेले, मग त्यांची बदली झाली. पंधरा दिवसांचा शब्द त्यांनी दिला होता, मी मागितला नव्हता. तो शब्द पाळला असता तर मंगळवारी जिन्यासमोर आडवी लागलेली गाडी एखाद्या रिकाम्या जागेवर असती.

आता तुम्ही म्हणाल, एका इमारतीची कथा. मग जरा पणजीत चला. अठरा जून रस्त्यावरच्या व्यापारी इमारतींच्या तळाशी आज गाडी लावायची जागा किती आणि गाळे, गोदामं किती, हे चालत गेलं तरी दिसतं. फोंतेन्यास या जुन्या वाड्यातली घरं तर मोटारी यायच्या आधीची. तिथे घराखाली जागा असण्याचा प्रश्नच नाही, म्हणून त्या लोकांना स्वतःच्या दारात परक्यांची गाडी बघत बसावं लागतं. रांगेतले बंगले बघा: फाटकाचा उतार गटारावरून थेट डांबरावर आणतात, पुढे कुंड्या मांडून ‘नो पार्किंग’ची पाटी लावतात, आणि सार्वजनिक रस्त्याचा तो तुकडा घरचा होऊन जातो. लग्नाचा हॉल चारशे पानांचा, गाड्या लावायला जागा तीसची. मुहूर्ताच्या दिवशी सगळा वाडा अडकतो. फ्लॅटला लागणारी जागा रात्रीची, दुकानाला दुपारची, दवाखान्याला सकाळ-संध्याकाळची, हॉलला महिन्यातून आठ दिवसांची. हे नीट जुळवलं तर बँकेची जागा संध्याकाळी सहानंतर शेजारच्या इमारतीला देता येते. आमच्याच शाखेच्या मागे बारा गाड्यांची जागा रात्रभर साखळी लावून रिकामी असते आणि समोरच्या गल्लीत लोक गाडी लावण्यावरून हातघाईवर येतात. ही जुळवणी कुणी करायची? आम्ही बायकांनी दारोदार फिरून?

गाड्या एवढ्या का घेता, असंही आम्हाला विचारतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्यातल्या ४५.२ टक्के कुटुंबांकडे मोटार होती, देशात सर्वांत जास्त. देशाचा आकडा आहे ७.५ टक्के. हौस म्हणून नाही हो. माझी मुलगी म्हापशाहून सुटते रात्री साडेआठला आणि तेव्हा तिला आमच्या वळणावर सोडणारी बस नसते. बस नाही म्हणून स्कूटर, पाऊस म्हणून मोटार. त्यात २०२४ साली एक कोटीच्या वर पर्यटक आले. त्यांतल्या कितीतरी जणांच्या भाड्याच्या गाड्या आमच्यासारख्यांच्या जिन्यापुढे लागतात. पर्यटन व्यवसाय नोंदणीचा कायदा १९८२पासून आहे. दिवसाच्या भाड्याने फ्लॅट देणाऱ्याला नोंदणी देताना ‘पाहुण्याची गाडी कुठे लागणार’ एवढा एक प्रश्न विचारायला काय अडचण आहे? रेंट-अ-कारचा परवाना देताना त्या गाड्या रात्री कुठे उभ्या राहणार हे कोण तपासतं? जपानात १९६२पासून गाडी ठेवायची जागा दाखवल्याशिवाय मोटारीची नोंदणी होत नाही. जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत लागते आणि दाखला पोलीस देतात. आपल्याकडे शोरूममधून गाडी निघते ती सरळ शेजाऱ्याच्या दारात.

कायदे नाहीत असं नाही. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई खाली दहा हजारांचा दंड आहे, २०१९च्या दुरुस्तीत आला. तो रस्त्यावर लागतो, मग फाटकाच्या आत माणसाचं हाड काय वेगळं असतं? मुंबईच्या एका सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१०मध्ये सांगितलं की स्टिल्टमधलं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येणार नाही. तो निकाल महाराष्ट्राच्या कायद्यावरचा होता. पण घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या २०१६च्या रेरा कायद्यानेही उघड्या पार्किंगच्या जागा सामायिक क्षेत्रातच घातल्या आहेत. आमच्यासारख्या त्याआधीच, २०१४ साली पुऱ्या झालेल्या इमारतींनी मात्र कुठे जायचं ते कुणी सांगत नाही.

आणि आता मनातलं बोलते. गाडीच्या साडेबारा चौरस मीटरांचा हिशेब ठेवायला सरकारकडे माणूस नाही. पण हजारो चौरस मीटर भातशेती आणि बागायत नकाशावरचा रंग बदलून वस्तीत घालायला नगर नियोजन कायद्याचं कलम १७(२) आहे, ३९-अ आहे, त्यासाठी फाइली फिरतात, बैठका होतात, राजपत्रं निघतात. १७(२)च्या नियमांना मार्च २०२५मध्ये उच्च न्यायालयाने चपराक दिली, तरी भूरूपांतराची भूक मिटलेली दिसत नाही. जिथे आहे ती इमारत सांभाळवत नाही तिथे डोंगर कापून आणखी शंभर कशाला? त्यांच्या गाड्या कुठे लागणार? पुन्हा आमच्याच अरुंद गल्लीत. ६ डिसेंबर २०२५च्या रात्री हडफड्याच्या नाइट क्लबला आग लागली, २५ माणसं गेली. वाट अरुंद म्हणून अग्निशमनाचे बंब लांब थांबवावे लागले होते. त्यानंतर चौकश्या झाल्या, पाहण्या झाल्या. आमच्याकडे आलेला तो अधिकारीही त्याच दिवसांत आला होता, म्हणून मला खरंच वाटलं होतं की आता काहीतरी हलेल.

पंचवीस जिवांनीही जे हलत नाही, ते माझ्या आईच्या एका हाडाने हलेल अशी आशा मी का धरावी, ते तुम्हीच सांगा. आम्ही घरपट्टी भरतो, दर पाच वर्षांनी रांगेत उभे राहतो, तुमच्या सभेला खुर्च्या कमी पडल्या तर घरच्या देतो. चतुर्थीला तुमच्या शुभेच्छांचे फलक आमच्याच कुंपणावर लागतात.

तरीही मागणं मांडते. प्रत्येक इमारतीचा मंजूर पार्किंग आराखडा तिच्या फाटकावर, लोकांना वाचता येईल असा लावणं बंधनकारक करा. दुकानाचा परवाना दरवर्षी नवा होतो, तेव्हा त्या दुकानाच्या वाट्याची जागा मोकळी आहे का ते पंचायतीच्या माणसाने खाली उतरून बघावं, शटर दिसलं तर परवाना थांबवावा. भाड्याच्या गाड्यांच्या काचेवर फोन नंबर सक्तीचा करा, याला तर एक पैसा लागत नाही. इमारतीच्या आतली रुग्णवाहिकेची आणि बंबाची वाट अडवली तर पोलिसांना गाडी उचलता येईल अशी तरतूद करा. आणि तक्रार घ्यायला एक खिडकी ठेवा, एकच, जिथून मला दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं जाणार नाही.

हे सगळं व्हायला वेळ लागेल, मला कळतं. माझ्याकडे तेवढा वेळ नाही. डॉक्टर गुरुवारी सकाळी आईला घरी सोडणार आहेत. तिला दीड महिना बसता येणार नाही, म्हणजे ती आडवीच, रुग्णवाहिकेतूनच येणार. फाटकापासून जिन्यापर्यंत तीन मीटर वाट मला अकरा वाजता मोकळी हवी आहे. पंचायतीला कळवलं आहे, पोलिसांना कळवलं आहे, दुकानदारांना हात जोडले आहेत. डिसेंबरात दिलेल्या शब्दाचा कागद कुठल्या टेबलावर आहे ते तुम्ही त्याआधी शोधून काढा. आराखड्याची आणखी एक झेरॉक्स लागली तर माझ्याकडे आहे.

आपली,
एका मेंटेनन्स सोसायटीची सेक्रेटरी,
पर्वरी, बार्देश