सातबारा वाचणाऱ्या काकांना, सनीवेलहून

ती. काका,
सा. न. वि. वि.

कॅलिफोर्नियातल्या आपल्या सनीवेलच्या जुन्या मर्फी कुटुंबाच्या इतिहासाची, लेकीच्या शाळेची वही काल रात्री पुरी झाली. लेकीने शेवटचं पान चिकटवलं आणि विचारलं, "आजोबांना दाखवायची ना?" तुम्ही साताऱ्याला परतल्यापासून तुमचे आभार नीट मानायचे राहून गेले होते. फोनवर ते जमलं नाही, म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण भूमी अभिलेख खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाकडे काय विद्या असते हे आणखी चार लोकांना कळावं असं मनापासून वाटतं.

सुरुवात लेकीच्या प्रश्नाने झाली होती. दर शनिवारी आपण ज्या मर्फी ॲव्हेन्यूवर भाजी घ्यायला जायचो, तो मर्फी कोण? मी आठवड्याभरात चाळीस पानं गोळा केली आणि तुमच्यापुढे ठेवली. आयर्लंडमधलं कुटुंब म्हटल्यावर बटाट्याच्या दुष्काळामुळेच आलं असणार, असं गृहीत धरून मी पहिलं पान दुष्काळावरच लिहिलं होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "घर सोडलं कुठल्या साली?" मी पाहिलं. थोरला मार्टिन मर्फी वेक्सफर्डहून कॅनडातल्या क्युबेकला गेला १८२० साली. दुष्काळ पडला १८४५ ला, आणि तोवर हे सगळे कॅलिफोर्नियात पोचलेही होते. पहिलं पान मी त्याच दुपारी फाडलं.

दुसरी चूक याहून मोठी होती. १८४६ च्या हिवाळ्यात सिएरा नेवाडा डोंगरांच्या बर्फात अडकलेल्या डॉनर तांड्यातही मर्फी नावाचं एक कुटुंब होतं, आणि मी दोघांना एकाच वंशावळीत घालून मोकळी झाले होते. तुम्ही म्हणालात, "एका गावात दोन घरं शिंद्यांची असली म्हणून ती भाऊबंद होत नाहीत. आई-बाप लिही, मग पुढे चल." ती मर्फी विधवा टेनेसीकडची निघाली, आपल्या मर्फींशी तिचं काही नातं नव्हतं. गंमत म्हणजे नातं जुळलं ते दुसरीकडून. डॉनर तांड्यातून वाचलेल्या व्हर्जिनिया रीडने १८५० मध्ये थोरल्या मार्टिनच्या मुलाशी, जॉनशी लग्न केलं. मूळ घोळ तसाच राहिला असता तर ही गाठ मला कधीच दिसली नसती.

तुमच्यामुळे १८४४ चा प्रवासही मी वेगळ्या नजरेने वाचला. क्युबेकहून कुटुंब मिझुरीत आलं होतं. तिथे हिवतापाने थोरल्या मार्टिनची बायको गेली, आणि एका जेझुइट, म्हणजे कॅथलिक, पाद्र्याकडून कॅलिफोर्नियाचं वर्णन ऐकून कुटुंब पश्चिमेला निघालं. तो मुलूख तेव्हा मेक्सिकोचा होता, म्हणजे मर्फींसारख्याच कॅथलिकांचा. सोबत्यांसह जवळपास पन्नास माणसं होती. डोंगराच्या कड्यावरून बैलगाड्या वर ओढल्या, काही मागे सोडल्या. सिएरा ओलांडून गाड्या नेणारा हा पहिला तांडा. मला गाड्यांचंच कौतुक होतं. तुम्ही विचारलंत, "बायका कुठायत?"

त्या यूबा नदीकाठी बर्फात थांबल्या होत्या. पुरुष पुढे गेले, बायकामुलं मागे राहिली. तिथेच धाकट्या मार्टिनची, म्हणजे थोरल्याच्या मुलाची, बायको मेरी बाळंत झाली. मुलीचं नाव ठेवलं एलिझाबेथ यूबा. त्याआधी वाटेत इंडिपेंडन्स रॉक नावाच्या खडकापाशी थोरल्या मार्टिनची आणखी एक नात जन्मली होती, तिच्या नावात इंडिपेंडन्स आलं. एकही माणूस न गमावता, निघाले त्याहून दोन जास्त पोचले. हे वाचून झाल्यावर तुम्ही चष्मा काढून ठेवलात आणि तुमचा स्वतःचा जन्म सुगीत शेताच्या बांधावर झाल्याचं सांगितलंत. तुमच्या मुलीलाही ते ठाऊक नव्हतं, काका. वहीत त्या पानापुढे मी एक कोरं पान ठेवलंय. ते तुमच्या आईसाठी आहे, तुम्ही याल तेव्हा तुम्हीच लिहा.

पण तुमची खरी देणगी जमिनीची. धाकट्या मार्टिनने १८५० मध्ये पास्तोरिया दे लास बोरेगास, म्हणजे मेंढरांचं कुरण, या रँचोचा, म्हणजे मेक्सिकन सरकारने दिलेल्या मोठ्या जमिनीचा, भाग विकत घेतला. तिथे गहू पिकवला, आणि लाकडी घराचे भाग न्यू इंग्लंडहून जहाजाने मागवून घर उभं केलं. १८६० च्या दशकात रेल्वे आली ती याच जमिनीतून, आणि स्टेशनचं नाव पडलं मर्फी. मेक्सिकन काळातल्या जमिनींचे नकाशे पाहून मी हबकले होते. हाताने काढलेले ओढे, झाडं, टेकड्या, कुठेही नीट माप नाही. तुम्ही हसून म्हणालात, "ही तर चतुःसीमा! पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याची जमीन." अमेरिकन मोजणीचे कागद आले तेव्हा त्यातली साखळी तुम्ही ओळखलीत. साखळी ६६ फुटांची, आणि आपला गुंठा म्हणजे अर्ध्या साखळीचा चौकोन. माझ्या आजोबांच्या साडेतीन गुंठ्यांचं माप आणि मर्फींच्या हजारो एकरांचं माप एकाच साखळीचं, हे तुम्ही कागदावर काढून दाखवलंत. जन्मभर गुंठा हा शब्द ऐकत आले, पण तो कुठून येतो ते त्या दिवशी कळलं.

आणि मग तुमचा तो प्रश्न, "याच्या आधी वहिवाट कोणाची?"

आधी कास्त्रो-एस्त्राडा कुटुंब. त्याआधी सांता क्लारा मिशन, म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांची वसाहत. त्याहीआधी इथले मूळ रहिवासी, ओलोनी लोक. मी तिथेच थांबले असते. तुम्ही म्हणालात, "लोक म्हणजे कोण? नाव असेल." नाव होतं. लोपे इनिगो, मिशनमध्ये वाढलेला ओलोनी माणूस. त्याला १८४४ साली, म्हणजे मर्फी डोंगर ओलांडत होते त्याच वर्षी, शेजारच्या रँचो पोसोल्मीचा हक्क मिळाला. आज त्या जमिनीवर मोफेट फील्डची धावपट्टी आहे. मी रोज तिच्या बाजूने गाडी चालवत कामाला जाते. बारा वर्षं जातेय.

वहीचं पहिलं पान आता इनिगोचं आहे. मर्फी दुसऱ्या पानावर सुरू होतात. शिक्षिकेने क्रम बदलायला सुचवलं होतं, लेकीने नाही म्हटलं.

धाकटा मार्टिन १८८४ मध्ये वारला, जमीन वारसांत वाटली गेली, आणि पुढे तिथे सनीवेल वसलं. मेरी, मॉड, मथिल्डा हे आपले रोजचे रस्ते त्याच घरातल्या नावांचे. जुनं घर १९६१ मध्ये पाडलं. २००८ मध्ये त्याची प्रतिकृती उभी राहिली, जिच्या ओसरीवर बसून तुम्ही मला फेरफार समजावलात.

इनिगोच्या जमिनीच्या नकाशाची प्रत मी मिळवली आहे. अजून उघडलेली नाही. एप्रिलमध्ये येताना तुमचं ते पितळी काठाचं भिंग आठवणीने आणा.

तुमची,
शेजारच्या घरातली सून