अतिसेवनात मदत बोलावणाऱ्याला कायद्याचे कवच हवे

महोदय,

हेरॉइनच्या अतिसेवनात श्वास मंदावतो, ओठ निळसर पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. हाताशी काही मिनिटेच असतात. तरीही सोबतचे १०८ लावायला कचरतात, ते पोलीस केसच्या धास्तीने. ही धास्ती खोटी नाही. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ नुसार सेवन हाच गुन्हा आहे. हेरॉइनसाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कलम ६४अ ची सूट स्वेच्छेने व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीलाच मिळते, आणि उपचार अर्धवट सोडले तर ती काढून घेता येते. फोन करणाऱ्या मित्राबद्दल त्यात अवाक्षर नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४अ मदतनीसाला वाचवते, पण फक्त रस्ते अपघातात. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोने २००७ मध्येच मदत मागणारा आणि रुग्ण दोघांनाही अमली पदार्थ बाळगल्याच्या खटल्यातून सूट दिली. संसदेने तशी तरतूद करावी. विक्रेत्यांना मात्र ती नको.

तोवर एवढे कराच: १०८ लावा, श्वास चालू असेल तर रुग्णाला कुशीवर वळवा, काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगा. नॅलॉक्सोन या हेरॉइनचा परिणाम उलटवणाऱ्या औषधाने शुद्ध आली तरी लगेच घरी नेऊ नका. त्याचा परिणाम ३० ते ९० मिनिटांत ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो.