आठ वाजता घरी पोचणाऱ्यांसाठी पण काही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतलं रेसिपीचं पान मी आवडीने वाचते, पण "झटपट" म्हणून जे छापून येतं ते नक्की कुणासाठी झटपट असतं हेच कळत नाही. काजू भिजवून पेस्ट करा, क्रीम घाला, लाल पिवळी ढोबळी मिरची आणा आणि वर अर्धा तास मॅरिनेट करून ठेवा! आमचं ऑफिस रबाळ्याला, ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला उतरायचं मग घोडबंदरच्या रिक्षाच्या लाइनीत उभं राहायचं, मानपाड्याला पोचेपर्यंत आठ वाजून जातात, मुलं भुकेने कावलेली, आणि हातात मोबाईल असतोच, ऑर्डर टाकायला कितीसा वेळ लागतो.

माझं म्हणणं एवढंच की कामाच्या दिवशी रात्री पोळी भाजी वरण भात सगळं ताटात पाहिजेच हा हट्ट सोडायला हवा. एक गरम पदार्थ आणि बाजूला काहीतरी कच्चं, काकडी, टोमॅटो, मुळा काहीही, झालं जेवण. आणि त्यासाठी परदेशी काही शोधायला नको. पिठलंच घ्या ना. अर्धी वाटी बेसन दीड वाटी पाण्यात कालवून ठेवायचं, कढईत मोहरी जिरं हिंग, भरपूर लसूण, मिरची, कांदा लालसर झाला की हळद आणि मग ते कालवलेलं ओतायचं, गॅस बारीक करून ढवळत राहायचं, झाकण ठेवून दोन वाफा, वर कोथिंबीर. (कोरडं पीठ वरून पेरून गुठळी न होऊ देणाऱ्या बायकांना माझा नमस्कार, मला ते जमत नाही.) भाकरी पोळीभाजी केंद्रातून आणली तर काही बिघडत नाही, त्यात लाजायचं काय?

खिचडीला लोक आजारी माणसाचं जेवण म्हणतात त्याचा मला राग येतो. मुगाची डाळ भिजवायला लागत नाही, तांदूळ डाळ निम्मं निम्मं, लाल भोपळा, गाजर, फरसबी जे असेल ते कुकरमध्येच परतून घ्यायचं, तीन शिट्ट्या, आणि तोवर आपले हातपाय धुऊन होतात. तांदळात लायसिन हा प्रोटीनचा एक घटक कमी, तो डाळीत भरपूर, डाळीत मेथिओनिन हा दुसरा घटक कमी, तो तांदळातून मिळतो, म्हणजे प्रोटीनसाठी पावडरचे डबे आणायची गरज नाही. फक्त पापड आणि लोणचं दोन्ही घेतलं की मिठाचं गणित बिघडतं, जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. पण आमच्याकडे पापड बंद म्हटलं तर भांडण होईल म्हणून मी लोणच्यावर गप्प बसते.

2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं तेव्हा जिकडे तिकडे नाचणीचे केक आणि ब्राउनी. अहो नाचणीत 100 ग्रॅमला 300 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं हे खरं, पण ते साखर आणि बटरमधून कशाला खायचं, त्याच पिठात कांदा, कोथिंबीर, थोडं ताक घालून धिरडी टाका की, मुलं तव्यावरचं गरम गरम खातात. तांदळाची उकड तर कुणाला आठवतच नाही आता.

थोडी तयारी सुट्टीच्या दिवशी करावी लागते हे मान्य. मेथी निवडून कागदात गुंडाळून ठेवणं, मूग भिजवून फडक्यात बांधणं. हे मात्र घरातल्या सगळ्यांनी करायचं, टीव्ही बघत मेथी निवडायला पुरुषांचे हात काही वेगळे नसतात, आणि तुम्हीही पानावर "खास गृहिणींसाठी" लिहिणं बंद करा, आमच्या सोसायटीत कुकर लावणारे बरेच बाबा आहेत.

तेव्हा विनंती अशी की घरात असलेल्या सामानात अर्ध्या तासात होणारा एक पदार्थ आठवड्याला द्या, आणि जमलं तर बुधवारच्या अंकात द्या, रविवारची पुरवणी तोवर रद्दीत गेलेली असते.

आपली एक वाचक,
मानपाडा, ठाणे (प.)