हडसनवरून उडण्याआधी आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "नदीवर एवढी विमानं, हेलिकॉप्टरं, आणि टॉवरवाला (जमिनीवरून विमानांना सूचना देणारा कंट्रोलर) कुणाशीच बोलत नाही, मग टक्कर कशी होत नाही?" तुम्ही न्यू जर्सीला आलात की आपण सेसना या लहान विमानातून हडसन नदीवरून जाणारच आहोत, म्हणून सगळं नीट लिहून पाठवते.

न्यूयॉर्कच्या आकाशात केनेडी, ला गार्डिया आणि न्यूअर्क या मोठ्या विमानतळांची हद्द आहे. कंट्रोलरच्या परवानगीशिवाय लहान विमान तिच्यात शिरत नाही. हडसनच्या पात्रावरची एक पट्टी मात्र वगळलेली आहे: उत्तरेला अल्पाइनचा मनोरा, दक्षिणेला व्हेराझानो पूल, आणि उंची १३०० फुटांच्या खाली. सुमारे वीस सागरी मैल, १०० नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) बारा-तेरा मिनिटं.

या पट्टीला दोन मजले आहेत. सरळ पार जाणाऱ्याने १००० फुटांपासून १३०० च्या आत राहायचं. घिरट्या घालणारी, हेलिपॅडवर चढ-उतार करणारी हेलिकॉप्टरं १००० च्या खाली. उत्तरेला जाताना मॅनहॅटनचा काठ धरायचा, दक्षिणेला जाताना न्यू जर्सीचा. म्हणजे दोन्ही वेळा आपली उजवी बाजू. आपल्याकडच्या रस्त्यांच्या बरोबर उलट. वेग १४० नॉटपेक्षा जास्त नाही, दिवे चालू, आणि न्यूयॉर्कचा चालू आवृत्तीचा नकाशा विमानात हवाच.

आणि बोलायचं. रेडिओच्या १२३.०५ या फ्रीक्वेन्सीवर ठरलेल्या ठिकाणी प्रत्येकाने स्वतःचा पत्ता सांगायचा. उत्तरेकडून येताना ती ठिकाणं अशी लागतात: अल्पाइन टॉवर, जॉर्ज वॉशिंग्टन पूल, इंट्रेपिड ही जुनी युद्धनौका, जर्सी सिटीचं कोलगेटचं घड्याळ, स्वातंत्र्यदेवी, व्हेराझानो. विमान कोणतं, कुठे आहे, कुठल्या दिशेला चाललंय, किती उंचीवर, एवढंच: "हडसन ट्रॅफिक, पांढरं सेसना, इंट्रेपिड, साउथबाउंड, बाराशे." नोंदणी क्रमांकापेक्षा रंग उपयोगी, कारण शेपटीवरचा नंबर दुसऱ्या विमानातून वाचता येत नाही. नवखे वैमानिक इथेच चुकतात. लांबलचक बोलून फ्रीक्वेन्सी अडवतात, किंवा नकाशावरचं नाव सोडून "त्या उंच इमारतीपाशी" म्हणतात. आत शिरण्याआधी काही मिनिटं नुसतं ऐकावं. कोण कुठे आहे याचं चित्र डोक्यात तयार झालं की मगच अल्पाइन गाठावं.

बाबा, यातल्या बऱ्याच गोष्टी पूर्वीही सांगितल्या जायच्या, पण सल्ला म्हणून. ८ ऑगस्ट २००९ ला होबोकेनजवळ एक लहान पायपर विमान आणि पर्यटकांचं हेलिकॉप्टर आदळलं, नऊ जण गेले. हेलिकॉप्टर खालून वर चढत होतं, विमान मागून येत होतं. टेटरबरो विमानतळावरून निघालेल्या त्या विमानाच्या वैमानिकाला न्यूअर्कच्या कंट्रोलरची फ्रीक्वेन्सी दिली होती; त्याने ती परत म्हणून दाखवताना चुकीची सांगितली आणि ती चूक दुरुस्त झाली नाही. तो न्यूअर्कशीही जोडला गेला नाही आणि नदीच्या फ्रीक्वेन्सीवरही नव्हता. १९ नोव्हेंबर २००९ पासून उंचीचे मजले, काठ आणि बोलणं हे सगळं सक्तीचं झालं. मला हे नियम फार मोलाचे वाटतात.

माझं सगळ्यात जास्त लक्ष उंचीमापकावर असतं. आपल्याला मिळालेला मजला जेमतेम ३०० फुटांचा. हे यंत्र हवेच्या दाबावरून उंची सांगतं, म्हणून त्यात लावलेला दाबाचा आकडा पाऱ्याच्या एक दशांश इंचाने चुकला की उंची साधारण १०० फुटांनी चुकते. खऱ्यापेक्षा जास्त आकडा लावला तर यंत्र १०५० दाखवतं आणि आपण ९५० वर, हेलिकॉप्टरांच्या मजल्यात. कमी लावला तर १२५० वाचत वाचत मोठ्या विमानतळांच्या हद्दीत. म्हणून जवळच्या विमानतळाचा ताजा आकडा शिरण्याच्या तोंडावर पुन्हा घेते.

दुसरा धोका फोटोंचा. शहर बघता बघता विमान नकळत नदीच्या मध्याकडे सरकतं, आणि समोरून येणाराही तेच करत असतो. दोघं १०० नॉटवर असले तर एक सागरी मैल १८ सेकंदांत संपतो. तेव्हा फोटो तुम्ही काढा, मी काढणार नाही. आई, तू मागे डावीकडे बस. दक्षिणेला जाताना मॅनहॅटन तुझ्या बाजूला येईल. बाबा पुढे माझ्या उजवीकडे. परतताना शहर त्यांच्या खिडकीशी असेल. पंख वर असल्याने खालचं छान दिसतं. वन वर्ल्ड ट्रेडचं टोक १७७६ फुटांवर, म्हणजे आपल्यापेक्षा उंच, त्याने घाबरू नका.

दोघांनी एक काम करायचं. काचेवरचा जो ठिपका जागचा हलत नाही, नुसता मोठा होत जातो, तो आपल्याच दिशेने येतोय असं समजा आणि लगेच सांगा. नाकासमोर बारा वाजले, उजव्या पंखाशी तीन: "दोन वाजता, खाली," एवढं पुरे. मी रेडिओवर बोलत असले तरी हातावर थाप मारा.

ईस्ट रिव्हरवर आपण जाणार नाही. ती चिंचोळी आहे, पुढे वाट बंद होते, आणि ऑक्टोबर २००६ मध्ये तिथे वळताना एक लहान विमान इमारतीवर आदळल्यापासून चाकांच्या विमानांना (पाण्यावर उतरणारी सोडून) कंट्रोलरची परवानगी लागते.

लाइफ जॅकेट जमिनीवरच घालायचं, पण फुगवायचं दाराबाहेर पडल्यावर. आत फुगवलं तर माणूस दारातच अडकतो. इंजिन बंद पडलंच तर हजार फुटांवरून दीडेक मैल तरंगत जाता येतं, खाली रुंद नदी असतेच.

दिवस अजून ठरवला नाही. यांकी स्टेडियममध्ये सामना असला की तीन सागरी मैलांत ३००० फुटांपर्यंत बंदी असते, सामन्याआधी आणि नंतर एकेक तास धरून; जॉर्ज वॉशिंग्टन पूल त्या वर्तुळात येतो. राष्ट्राध्यक्ष शहरात असले तरी वाट बंद होऊ शकते. शिवाय नियमाला तीन मैलांची दृश्यता पुरत असली, तरी पाचपेक्षा कमी असेल तर मी तुम्हाला घेऊन जाणार नाही.

तुमच्या दोघांची आत्ताची वजनं, कपड्यांसकट, मला कळवा. आई, अंदाजे नको, काट्यावर उभी राहून. इंधन किती भरायचं ते त्यावर ठरेल.

तुमची,
मनू